न वाजलेला ठोका

संग्रामने दारात उभं राहून हलगीवर हाक वाजवली, आणि दुर्वाने मान वर केली नाही.

ही हाक म्हणजे आमच्या घरची रीत. माझा नवरा हलगी वाजवतो. त्याचे वडील वाजवायचे, त्यांचेही वडील वाजवायचे. कुस्तीचं मैदान असो, जत्रा असो की वरात, गडहिंग्लज तालुक्यात आम्हा घस्त्यांचा ताफा म्हटलं की लोक तारीख आधी धरून ठेवतात. बाहेरून वाजवून घरी आला की चपला काढायच्या आधी संग्राम दारातच हाक वाजवतो. दोन जड ठोके, तीन हलके, आणि शेवटी एक जड. दुर्वा रांगत होती तेव्हापासून तो शेवटचा ठोका पडायच्या आत त्याच्या पायाशी पोचलेली असायची. चालायला लागल्यावर तर उंबऱ्याला ठेचकाळून दोनदा पडलीसुद्धा, पण पोचायची. गेल्या काही महिन्यांत कधी आली नाही, तर खेळात दंग असेल म्हणून आम्ही सोडून देत होतो.

त्या रविवारी तिला न्हाऊ घातलं होतं, म्हणून कानातली फुलं काढून डबीत ठेवली होती. ती फरशीवर पालथी पडून हत्ती रंगवत होती. हत्ती हिरवा होता. मी मेथी निवडत बसले होते.

"आज राणीसाहेब रुसल्यात वाटतं," संग्राम हसत म्हणाला आणि त्याने पुन्हा हाक वाजवली.

दुर्वाने खडू बदलला. हत्तीच्या सोंडेला लाल रंग द्यायला लागली.

संग्रामचं हसू जरा ओसरलं. तो आत आला, तिच्या मागे उभा राहिला आणि टिपरूची काठी उगारून एक सणसणीत ठोका मारला. माझ्या हातातली जुडी खाली पडली. शेजारच्या पाटलांचा कुत्रा भुंकायला लागला. दुर्वा शांतपणे सोंड रंगवत राहिली.

पोरीचे कान गेले की काय? मी जागेवरूनच, अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हणाले, "दुर्वे, गूळ-शेंगदाणं पायजेत?"

"पायजेत. दोन मुठी," ती वळून लगेच म्हणाली.

म्हणजे कान ठणठणीत होते. मी तिच्याजवळ गेले. "बाळा, तुझा बाबा काय करायलाय बघ."

"वाजवायलाय की."

"आवाज येतोय तुला?"

तिने मान तिरकी केली, डोळे बारीक केले. लांबच्या रस्त्यावरची गाडी ऐकताना आपण करतो ना, तसं. बाप दोन हातांच्या अंतरावर उभा होता आणि एकसारखा वाजवत होता.

"येतोय," ती म्हणाली. "पंख्यासारखा."

पंखा बंद होता. संग्रामचा हात खाली आला तो परत वर गेला नाही.

*

मी रेश्मा. एसटीच्या डेपोत बॅटरी विभागात काम करते. आता सगळ्याच गाड्या विजेच्या झाल्यात, त्यामुळे आमच्या विभागाला मान आहे. डिप्लोमा झालाय माझा. नोकरीने मला एक गोष्ट पक्की शिकवली आहे : यंत्र कधी मुद्दाम चुकत नाही. त्याला जे शिकवलं तेच ते करतं, आणि जे शिकवलं नाही त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

या सगळ्याची सुरुवात कर्णालेख नावाच्या तपासणीपासून झाली. लहान मुलाच्या डोक्यावर मऊ टोपी घालायची, कानात सूर सोडायचे आणि मेंदूत उठणाऱ्या लाटा मोजायच्या. त्यातली गंमत अशी की यंत्र सरळसोट सूर वाजवत नाही. पाच-सहा वेळा तीच ओळ वाजवतं आणि सातव्या वेळी शेवटचा सूर गाळतं. तिथे नुसती शांतता असते, तरीही मेंदूत लाट उठते. कारण मेंदू नुसता ऐकत बसलेला नसतो, तो सतत पुढचा सूर मनात मांडत असतो. मांडलेला सूर आला नाही की तो चमकतो. ज्या मुलाची ही लाट उंच, त्याचा कान तयार.

शास्त्रज्ञांनी हजारो मुलं तपासली आणि मग एक अवघड गोष्ट बाहेर आली. लाटेची उंची जन्मावर कमी आणि घरावर जास्त अवलंबून होती. ज्या घरात कुणीतरी गुणगुणतं, मुलांशी निवांत बोललं जातं, एखादी तरी खोली शांत असते, तिथल्या मुलांच्या लाटा उंच. हमरस्त्याला लागून एक खोली, त्यात टीव्ही, मिक्सर, भांडणं आणि पाच माणसं, तिथल्या मुलांच्या लाटा बसक्या. ज्यांची लाट बसकी त्यांना पुढे वाचनही जड जायचं, भाषाही. आणि सातव्या वर्षाच्या आसपास मेंदूतली ही मांडणी घट्ट होऊन जाते. त्यानंतर कितीही शिकवलं तरी पायाच बदलत नाही.

तेव्हा सरकारने ‘समश्रुती’ आणली. हेतू चांगलाच होता, उगाच कुणाला नावं ठेवणार नाही मी. मुलाचं घर बदलता येत नाही, तर निदान त्याच्या कानापुरतं तरी बदलू, असा विचार. दोन्ही कानांत दोन चिमुकली यंत्रं बसवायची. दिसायला अगदी दागिन्यासारखी, म्हणून लोक त्यांना फुलं म्हणायला लागले. ती घरातला कायमचा गोंगाट पुसून टाकतात, बोलणं स्वच्छ करून पोचवतात आणि दिवसातून थोडा वेळ सुरावटी ऐकवतात. वर्षभर फुलं घालायची, मग शेवटची चाचणी. तीत वर आलेल्या मुलांना निवासी स्वरविद्यालयात जागा. तिथून पुढे कॉलेजपर्यंतचं सगळं शिक्षण फुकट.

दुर्वाचं नाव तिच्या अंगणवाडीच्या बाईंनी सुचवलं होतं. त्यालाही कारण घडलं होतं. ती चार वर्षांची असताना माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणायचे, ते वारले. आमच्या ताफ्यात एक रीत आहे. गडी गेला की तेराव्याला सगळे मिळून त्याच्या दारात हाक वाजवतात, पण शेवटचा ठोका मारत नाहीत. तो गेलेल्याचा ठोका, त्याच्यासाठी रिकामा सोडायचा. एरवी अर्धी हाक वाजवणं म्हणजे अभद्र, गडी चुकूनही तसं करत नाही. तर त्या दिवशी शेवटचा ठोका रिकामा गेला, सगळे माना खाली घालून उभे होते, आणि माझ्या कडेवरून ही मोठ्याने म्हणाली, "आज्जाचा ठोका कुठं गेला?"

बाईंनी ते ऐकलं होतं. चार वर्षांच्या पोरीने रिकामी जागा ऐकली, याचं त्यांना फार नवल वाटलं.

तरी पहिल्या चाचणीत दुर्वा खाली आली. येणारच. यंत्राने तिला तंबोरा ऐकवला, पेटी ऐकवली, पियानो ऐकवला. हलगीचा एक ठोका ऐकवला नाही. जे कधी ऐकलंच नाही त्यात पुढचं ती काय मांडणार? कोल्हापूरच्या श्रवणकेंद्रातल्या डॉ. उकिडवे मॅडमना मी तसं तोंडावर म्हटलं होतं.

"म्हणून तर ही योजना आहे, ताई," त्या म्हणाल्या होत्या. "फुलं बसवू. फक्त त्याआधी तुमच्या घरातला एक साधा दिवस आम्हाला नोंदवून द्या. काही मुद्दाम करू नका. रोज जे असतं तेच."

रोज जे असतं तेच! हे त्यांनी आम्हाला सांगितलं आणि आम्ही ऐकलंही. पण कोल्हापूरच्या माणसाला पाहुणा येणार म्हटल्यावर घर आवरू नको असं सांगून बघा. नोंदणीचा दिवस उजाडला तसं संग्रामने अंगणात उसाचं पाचट पेटवलं, हलगी शेकून कडक केली आणि वाजवायला बसला. "आपल्या घरात गाणं न्हाई असं वाटाय नको त्यास्नी," म्हणाला. सकाळी वाजवली, दुपारी वाजवली, संध्याकाळी चुलतभावाला घुमकं घेऊन बोलावलं. मीही कौतुकाने रस्सा केला. घरभर नुसता दणदणाट. इतकं संगीत तालुक्यात कुणी नोंदवून दिलं नसेल.

आणि यंत्राचा नियम होता : घरात दिवसभर जे चालू असतं ते पुसायचं.

*

"तंबोरा दिवसभर चालू असता तर?" सोमवारी मी डॉ. उकिडव्यांच्या समोर बसून विचारलं.

"तो पुसला गेला नसता." त्यांनी नजर चुकवली नाही, एवढं त्यांना मानलं मी. "तंबोरा यंत्राला शिकवलेला आहे. बासरी, पेटी, तबला, ढोलकीसुद्धा. ते संगीत म्हणून राखून ठेवलं जातं. हलगी शिकवायची राहिली. ज्यांनी ते यंत्र तयार केलं त्यांच्यापैकी कुणाच्या घरी हलगी नव्हती."

"त्यांच्या घरी पंखा हुता न्हवं?"

"होता."

"म्हणून पंखा कळला त्यास्नी."

त्यांनी खुर्ची पडद्याकडे वळवली. मग पडद्यावर दुर्वाच्या दोन लाटा दाखवल्या. सुरांची लाट उंच, डौलदार. वर्षात तिने जिल्ह्यातल्या बहुतेक मुलांना मागे टाकलं होतं. दुसरी लाट हलगीची, मी फोनवर नेलेला ठोका त्यांनी तिला ऐकवला तेव्हाची. ती जवळजवळ सपाट होती.

"तिचा कान घेतोय आवाज," मॅडम म्हणाल्या. "मेंदू पुढे येऊ देत नाही. वर्षभर त्याला शिकवण मिळाली की हा आवाज कचरा आहे. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तुम्हाला ऐकू येते का? येते, पण तुम्ही ऐकत नाही. तसं."

"आणि सात वर्षांची झाल्यावर?"

"मांडणी घट्ट होईल. मग बहुधा तसंच राहील."

"फुलं काढली तर?"

"तर थोडी आशा आहे. पण ती आत्ताच काढावी लागतील, आणि शेवटची चाचणी शुक्रवारी आहे. चाचणी फुलं घालूनच होते. त्याआधी काढली तर वर्ष अपुरं धरतात. जागा जाईल, ताई. पुन्हा मिळणार नाही."

"चाचणी झाल्यावर काढली तर?"

"जागा मिळालेल्या मुलांची फुलं विद्यालयात आणखी सहा महिने राहतात. मी लिहून बघेन वरती. पण उत्तर यायच्या आत तिचा सातवा वाढदिवस होऊन जाईल, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही."

मी उठले. दारापाशी जाऊन परत वळले. "रोज तिच्यापुढं वाजवलं तर फरक पडंल?"

"नका वाजवू," त्या घाईने म्हणाल्या. "रोजचं झालं की ते आणखीच मागे जाईल. मेंदू फक्त एकच आवाज मागे टाकत नाही, ज्याची तो वाट बघत असतो तो."

*

मला वाटलं होतं, संग्राम ऐकून पेटून उठेल. तो भाकरी मोडत बसला होता, तसाच मोडत राहिला.

"मग न येऊ दे ऐकू," तो म्हणाला.

"काय?"

"बरंच झालं म्हणतोय मी. सुटली पोरगी."

माझा विश्वास बसेना. तो ताटाकडे बघूनच बोलत होता. "तू बाहेरनं बघितलीस हलगी. तुला मैदान दिसतंय, फेटा दिसतोय. शाळेत माझ्या हाताला घट्टं बघून पोरं काय म्हणायची तुला ठावं न्हाई. लग्नात आमी वाजवल्याबिगर नवरदेव घोड्यावर चढत न्हाई, आनि आमची पंगत मांडवाच्या भायेर, सगळ्यांच्या मागनं. हलगी वाजली की लोक हलगी न्हाई बघत, आडनाव बघत्यात. तिच्या कानातनं ती गेली तर जाऊ दे. शाळा मिळंल, मोठी हुईल. तिला कुणी इचारलं, हे काय वाजायलंय, तर म्हणंल, काय की बाई, मला न्हाई येत ऐकू."

"तुमची लाज तिच्या कानात कशाला घालताय?" मी ओरडलेच.

त्याने मान वर केली. "आनि तू तुझी हौस तिच्या डोस्क्यावर? मोठी झाल्यावर तू सांगशील तिला? हलगीपायी तुझी शाळा घालवली म्हणून? सांगशील?"

खरं सांगते, मलाही ती शाळा हवी होती. डेपोत मी मैत्रिणींना सांगूनही ठेवलं होतं. मी चुलीवरचं दूध उतरवलं, आणि आम्ही दोन दिवस एकमेकांशी मोजकं बोललो. दुर्वा मात्र सुरावटी गुणगुणत घरभर फिरत होती. सूर असे लावायची की ऐकत राहावं. त्याचाही राग येत होता आणि त्याचंच कौतुकही वाटत होतं, माझं मलाच कळत नव्हतं.

बुधवारी दुपारी ताफा अंगणात जमला. शेजारच्या गावात कुस्त्यांचं मैदान होतं, त्याची तयारी. चार गडी, दोन हलग्या, घुमकं आणि झांजेसारखं कैताळ. मधोमध संग्राम. आवाज असा की खिडकीची काच थरथरत होती. मी ओट्यापाशी उभी होते, तिथून सगळं दिसत होतं.

दुर्वा शाळेतून आली. कानात फुलं होती. ती फाटकातून आत आली, वाजवणाऱ्या गड्यांच्या मधून सरळ चालत आली. वाटेत तिचा चेंडू पडला होता तो वाकून उचलला. गडी तिला जागा द्यायला मागे सरले. संग्राम तिला पाठमोरा होता, त्याने तिला बघितलं नव्हतं. ती त्याच्या पाठीला जवळजवळ घासून पुढे गेली आणि घरात आली. दप्तर टाकलं.

"आई, बाबा कुठं गेलाय?"

नेमका तेव्हाच अंगणात ठेका थांबला होता, आणि तिचा आवाज स्वच्छ बाहेर गेला.

"आज घरात कोणच न्हाई वाटतं," ती म्हणाली. "कसं गप गप वाटतंय. बाबा यायचाय व्हय अजून?"

संग्राम दारात येऊन उभा राहिला. मी त्याच्याकडे बघितलं आणि नको तेवढं माझ्या लक्षात आलं. ती बापाला कधी डोळ्यांनी शोधतच नव्हती. जन्मल्यापासून ती त्याला कानांनी शोधत आली होती. हलगीबरोबर तिचा अर्धा बापही गेला होता, आणि हे आत्ता त्याला कळलं होतं.

तो आत आला, तिच्यासमोर उकिडवा बसला, तिच्या कानातली फुलं एकेक करून काढली आणि डबीत ठेवली. डबी माझ्या हातात दिली.

"परत देऊन ये," तो म्हणाला. "आजच जा."

*

जागा गेली. शुक्रवारी चाचणी झाली, दुसऱ्या कुणाच्या मुलाला ती मिळाली असेल, त्याचं भलं होवो.

आणि दुर्वाला हलगी तरीही ऐकू येईना.

आम्ही सांगितलेलं पाळलं. घरात वाजवणं बंद. ताफा चुलतभावाच्या रानात जायला लागला. चार-पाच दिवसांनी एकदा, ती आपल्या नादात असताना, संग्राम दारात येऊन हाक वाजवायचा, आणि ती आपल्याच नादात राहायची. प्रत्येक वेळी तो हलगी खुंटीला अडकवायचा आणि घरामागच्या परड्यात निघून जायचा. वाढदिवस आठवड्यावर आला. मी नारळ फोडला, तिने खोबरं खाल्लं. मी डॉ. उकिडव्यांना फोन केला, त्या म्हणाल्या, "वाट बघा." पण वाट बघायची होती तिने, आम्ही नाही!

हे मनात आलं आणि मी बस धुण्याच्या रॅम्पवर उभी असतानाच थबकले. मेंदू वाट बघतो. यंत्र काय करतं? ओळ वाजवतं आणि शेवटचा सूर गाळतं. लाट वाजलेल्यावर उठत नाही, न वाजलेल्यावर उठते. आणि आम्ही येडे, तिला दर वेळी पुरी हाक ऐकवत होतो. पुऱ्या हाकेत वाट बघायला जागा कुठे असते?

घरी येऊन मी संग्रामला म्हटलं, "शेवटचा ठोका मारू नका."

त्याचा चेहरा उतरला. "काय बोलतीस तू."

"अर्धी हाक वाजवा. शेवटचा सोडा."

"जित्या लेकराच्या म्होरं रिकामा ठोका सोडू?" तो मागे सरला. "माझ्या बापाच्या तेराव्याला सोडला तो मी. त्याच्या बापाच्या वेळी त्यानं सोडला. हे असलं मला सांगू नकोस, रेश्मे. हात जाईल माझा, पण हे हुणार न्हाई."

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण तो ‘तेरावा’ म्हणाला तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला, आणि दुर्वा समोरच खेळत होती. दोन दिवस मी तो विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी राहवेना.

"एक सांगा," मी म्हटलं. "मामांचा ठोका रिकामा का सोडला? ते गेले म्हणून?"

"मग?"

"गेले म्हणून न्हाई. त्यो ठोका त्यांचा हुता आनि सगळ्यांनी त्यांची वाट बघितली, म्हणून. तेवढ्यापुरतं तरी यावं त्यांनी. मेलेल्याची वाट बघायला चालती तुमाला. जितीची बघा की एकदा."

तो हलगीवरून नुसता हात फिरवत बसला.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी मला अंगणातून पाचटाचा धूर आला. बाहेर जाऊन बघते तर संग्राम हलगी शेकत होता. जाळावर फिरवायचा, बोटाने टिचकी मारून बघायचा, परत फिरवायचा. अंघोळ करून स्वच्छ सदरा घातला होता. मी देवापुढे दिवा लावला. मानत नाही म्हटलं तरी लावला.

दुर्वा फरशीवर पालथी पडून रंगवत होती. या वेळी एसटीची गाडी होती, तीही हिरवी.

तो दारात उभा राहिला. दोन जड, तीन हलके. टिपरू वर गेलं आणि वरच राहिलं. मला वाटलं, आता पडतो ठोका. पडला नाही. घरात शांतता. पाटलांचा कुत्राही गप्प होता.

दुर्वाने गाडीला चाक काढलं.

तो थांबला, घाम पुसला. पुन्हा दोन जड, तीन हलके, आणि रिकामं. काही नाही. संग्रामने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत एवढी भीती होती की मी ‘पुरे’ म्हणायला तोंड उघडलं. पण त्याने डोळे मिटून घेतले आणि तिसऱ्यांदा वाजवलं. दोन जड. तीन हलके.

टक्.

मला आधी कळलंच नाही आवाज कुठून आला. दुर्वाच्या हातात खडू होता. तिने मान वर केली नव्हती, डोळे गाडीवरच होते. पण खडूचं मागचं टोक फरशीवर टेकलं होतं.

संग्रामने डोळे उघडले. त्याने परत वाजवलं, अगदी हळू. दोन, तीन. टक्. त्याच जागी, जिथे तो ठोका पडायचा नेमक्या तिथे. तिची तिलाच खबर नव्हती. हात आपला वाट बघत होता आणि रिकामी जागा वेळेवर भरत होता. मी पदर तोंडाशी धरला, नाहीतर मोठ्याने रडले असते.

पुढच्या वेळी तिने खडू टेकवला नाही. तिची भुवई आक्रसली. तिने वैतागून मान वर केली, सरळ दाराकडे बघितलं.

"बाबा, शेवटचा ऱ्हायलाय की! सारखाच चुकायलाईस तू."

"व्हय, चुकायलोय," संग्राम म्हणाला. टिपरू वर होतं, पण ते खाली आणायचं बळच त्याच्या हातात उरलं नव्हतं.

ती उठली. तणतणत दारापर्यंत गेली, बापाच्या हातातलं टिपरू हिसकावून घेतलं, दोन्ही हातांनी धरलं आणि सगळा जोर लावून शेवटचा ठोका मारला. वाकडाच पडला तो. पाटलांचा कुत्रा भुंकायला लागला. दुर्वा दचकून मागे सरकली, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली.

"आई गं," ती म्हणाली, "केवढ्यानं वाजती ही!"